फेडले, परत दिले की चुकवले?

इंदूर किंवा बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबातील एखाद्या तरुणाने पुण्याच्या आत्याबाईंना 'घराचे कर्ज यंदा चुकवले' असे मोठ्या आनंदाने कळवावे आणि आत्याबाईंनी ते वाचून कपाळाला हात लावावा, असा प्रसंग सहज घडण्यासारखा आहे. तरुणाच्या कानांत हिंदीतील 'कर्ज चुकाया' किंवा गुजरातीतील 'देवुं चूकव्युं' घोळत असते. त्याला म्हणावयाचे असते की, कर्ज पुरते फिटले. परंतु पुण्याच्या मराठीत 'कर चुकवणे' म्हणजे तो बुडवणे, 'नजर चुकवणे' म्हणजे ती टाळणे. आत्याबाई समजतात की, भाच्याने सावकाराला हुलकावणी दिली! वस्तुतः हिशेब मिटवणे हा अर्थ मराठीलाही परका नाही; 'हिशेब चुकता केला' यात तो आजही शिल्लक आहे. 'चुकते केले' म्हणजे प्रामाणिकपणा आणि 'चुकवले' म्हणजे लबाडी, एवढा फरक शब्दाच्या शेवटच्या एका वळणाने होतो.

इंग्रजीत कर्जफेडीविषयी लिहावयाचे झाल्यास नेमकी हीच अडचण उभी राहते. तेथे मूळ क्रियापद एकच, 'पे'. परंतु त्याच्या पाठीमागे 'बॅक', 'ऑफ', 'डाउन', 'अप', 'आउट' यांपैकी कोणते लहानसे अव्यय लागते, यावर सारा अर्थ अवलंबून असतो. क्रियापद आणि अव्यय मिळून जो नवा अर्थ तयार होतो, त्याला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' असे नाव आहे. लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. प्रयोग मात्र त्याहून पुष्कळ जुने आहेत. शाळेत मुलांकडून अशा प्रयोगांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात, आणि परीक्षा संपताच त्या विसरल्याही जातात. कारण यादीत अर्थ दिलेला असतो, पण त्या अर्थाची दिशा दिलेली नसते.

'पे' या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तो लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमधील मूळ क्रियापदाचा अर्थ होता शांत करणे, समाधान करणे; शांतता या अर्थाचा 'पीस' हा इंग्रजी शब्दही त्याच कुळातील आहे. म्हणजे पैसे देणे हे मुळात धनकोला शांत करणे होते. मराठीतील 'फेडणे' या शब्दामागील चित्र निराळे आहे. वस्त्र फेडतात, गाठ फेडतात, नवस फेडतात आणि ऋणही फेडतात. अंगाभोवती गुंडाळलेले काही उलगडून दूर करावे, ही ती कल्पना होय. कानडीत 'साल तीरिसु' म्हणतात. त्यात कर्ज संपवण्यावर भर आहे. कोकणीत 'रीण फारीक करप' असा प्रयोग आहे. प्रत्येक भाषा एकाच व्यवहाराकडे आपल्या खिडकीतून पाहते. म्हणून एका भाषेतील शब्द उचलून दुसऱ्या भाषेत ठेवला की तो बरोबर बसेलच असे नाही.

मग मराठी माणसाने 'पे'च्या मागचे अव्यय निवडावे तरी कसे? त्याचा उपाय मराठीतच आहे. इंग्रजी जे काम अव्ययाकडून करून घेते, ते मराठी बहुधा दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. 'पैसे परत दिले', 'कर्ज फेडून टाकले', 'कर्ज फेडत आणले', 'काढ पैसे' ही चार वाक्ये उच्चारून पाहिली, तर प्रत्येकात निराळी छटा स्पष्ट ऐकू येते. पहिल्यात पैसा जेथून आला तेथे गेला. दुसऱ्यात ओझे संपले. तिसऱ्यात ओझे हलके झाले, परंतु उरले. चौथ्यात कोणी तगादा लावून उभा आहे. इंग्रजीत याच छटांना अनुक्रमे 'पे बॅक', 'पे ऑफ', 'पे डाउन' आणि 'पे अप' असे म्हणतात. 'फेडणे' याला इंग्रजी शब्द कोणता, असा प्रश्न विचारणारा गोंधळतो. 'परत दिले की फेडून टाकले' असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आपोआप सापडते.

प्रथम 'पे बॅक' घ्यावे. 'बॅक' म्हणजे मागे, जेथून आले तेथे. या प्रयोगात दृष्टी देणाऱ्या माणसावर असते. मित्राकडून ५०० रुपये हातउसने घेतले, तर 'आय विल पे यू बॅक ऑन मंडे' हे वाक्य अगदी योग्य. येथे क्रियापदाचे कर्म माणूस असू शकतो, रक्कम असू शकते आणि कर्जही असू शकते. मात्र हा प्रयोग पैशापुरता आहे, हे विसरता कामा नये. शेजाऱ्याची छत्री किंवा ग्रंथालयाचे पुस्तक 'पे बॅक' करीत नाहीत. ते 'गिव्ह बॅक' किंवा 'रिटर्न' करतात. शिवाय 'रिपे' आणि 'रिटर्न' या शब्दांतील 'रि' हाच 'परत' असा अर्थ सांगतो; म्हणून 'रिपे बॅक' किंवा 'रिटर्न बॅक' म्हणणे ही द्विरुक्ती होय. आपल्याकडील कार्यालयीन पत्रांत ती वारंवार आढळते.

'पे बॅक' या प्रयोगाला एक काटाही आहे. मराठीत 'अपमानाची सव्याज परतफेड केली' म्हटले की त्यात पैशाचा संबंध उरत नाही. इंग्रजीतही तसेच होते. 'आय विल पे यू बॅक फॉर धिस' हे वाक्य बहुतेकदा धमकी म्हणूनच ऐकू येते. समजा, परदेशात शिकणाऱ्या भाच्याला तेथील मामांनी वर्षभर सांभाळले आणि निघताना कृतज्ञतेने भाच्याने त्यांच्या घरच्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींसमोर 'आय विल पे यू बॅक फॉर एव्हरीथिंग' असे उद्‌गार काढले, तर मामा त्याचा भाव ओळखतील, पण इतरांच्या भुवया उंचावतील. उपकाराच्या उतराईसाठी 'रिपे युअर काइंडनेस' हाच सभ्य आणि निःसंदिग्ध प्रयोग आहे. पैसा 'पे बॅक' करावा आणि उपकारासाठी 'रिपे' वापरावे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

'पे ऑफ' यात दृष्टी माणसावरून उठून ऋणावर जाते. 'ऑफ' म्हणजे अलग, दूर. ऋण अंगावरून उतरले, शेवटचा पैसाही दिला, आता काही उरले नाही, असा त्याचा पूर्णार्थ आहे. म्हणून घराचे कर्ज, वाहनाचे कर्ज, दुकानदाराची उधारी ही सारी 'पे ऑफ' होतात; मात्र संपूर्ण फिटल्यावरच. बारा हप्त्यांपैकी अकरा भरलेल्या माणसाने 'आय हॅव पेड ऑफ द लोन' म्हणणे हे असत्य होय. आपण ते फेडीत आहोत एवढेच सांगावयाचे असेल, तर 'आय अ‍ॅम पेइंग ऑफ द लोन' असे चालू क्रियेचे रूप योजावे. त्यात शेवटाकडे वाटचाल आहे, परंतु शेवट झाल्याचा दावा नाही.

याच प्रयोगात ऋणाच्या जागी माणूस आला की अर्थ पार पालटतो, आणि येथे खरा धोका आहे. 'आय पेड ऑफ द लोन' म्हणजे कर्ज फेडून टाकले. परंतु 'आय पेड ऑफ द मॅनेजर' म्हणजे व्यवस्थापकाला लाच देऊन गप्प केले! बँकेच्या व्यवस्थापकांकडे सर्व पैसे भरले, एवढेच सांगू इच्छिणारा साधा माणूस या एका वाक्याने स्वतःवर आणि त्या व्यवस्थापकांवरही बालंट आणू शकतो. माणूस कर्म असताना 'पे ऑफ'चा आणखी एक जुना अर्थ आहे, तो म्हणजे शेवटचा पगार चुकता करून कामावरून मोकळे करणे. बोटीची सफर संपल्यावर खलाशांना 'पेड ऑफ' करीत. बोटीवरील नोकरीची परंपरा असलेल्या गोव्यातील घरांना या अर्थाची कल्पना असते. त्यात लाचेचा लवलेशही नाही. कर्म नसतानाचा तिसरा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे: 'हर्ड वर्क पेड ऑफ', म्हणजे कष्ट फळास आले.

'पे डाउन' म्हणजे थोडे थोडे देऊन बाकी खाली आणणे. हा प्रयोग अमेरिकन लिखाणात अधिक दिसतो. 'डाउन पेमेंट' या शब्दाशी त्याची गल्लत करू नये. वस्तू घेताना आरंभी जी रोख रक्कम मोजावयाची ती 'डाउन पेमेंट', आणि घेतलेले कर्ज पुढे कमी करीत नेणे ते 'पे डाउन'. एक कर्जाचे दार उघडताना आणि दुसरे दार बंद करीत आणताना कामी येते.

'पे अप' यात पैशापेक्षा तगादा अधिक आहे. देणे थकले आहे, देणारा कांकू करीत आहे आणि घेणारा दारात उभा आहे, असे चित्र त्यातून उभे राहते. 'ही फायनली पेड अप' म्हणजे अखेर एकदाचे त्याने पैसे काढले. वडीलधाऱ्या माणसाला, ग्राहकाला किंवा सहकाऱ्याला 'प्लीज पे अप' असे लिहिणे म्हणजे 'प्लीज' लावूनही उद्धटपणाच होय. स्मरणपत्रात 'काइंडली पे द आउटस्टँडिंग अमाउंट' एवढे साधे वाक्य पुरे. विशेषणरूपात मात्र याच शब्दात उद्धटपणा मुळीच नाही. कंपनीचे 'पेड-अप कॅपिटल' म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल. आयुर्विम्याची 'पेड-अप पॉलिसी' म्हणजे पुढील हप्ते न भरता कमी झालेल्या रकमेनिशी चालू राहिलेली पॉलिसी.

उरलेले प्रयोग थोडक्यात सांगता येण्यासारखे आहेत. 'पे इन' म्हणजे खात्यात भरणा करणे. बँकेतील 'पे-इन-स्लिप'मुळे तो शब्द घरोघर पोहोचला आहे. 'पे आउट' म्हणजे साठलेल्या निधीतून बाहेर देणे. विमा कंपनी 'पे आउट' करते, कर्जदार करीत नाही. 'पे फॉर' याला पुढे वस्तू असेल तर किंमत देणे आणि चूक असेल तर तिचे फळ भोगणे असा अर्थ येतो. मराठीतही पापे फेडावीच लागतात. 'सेटल अप' म्हणजे चौघांनी मिळून केलेल्या खर्चाचा शेवटी हिशेब मिटवणे.

हे सारे भाषेच्या शिकवणीपुरतेच असते, तर चुकीची शिक्षा म्हणून एखादा गुण कमी झाला असता. परंतु कर्जाचे कागद न्यायालयात जातात, आणि तेथे शब्दांचे वजन होते. समजा, बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या ओतकाम कारखान्याच्या मालकाने ५,००,००० रुपयांचे कर्ज काढले आणि हप्त्यांपोटी आजवर ३,००,००० रुपये भरले. त्यांपैकी १,१०,००० रुपये व्याजात गेले. त्याने पत्रात 'वुई हॅव पेड बॅक द लोन' असे लिहिले, तर सारे कर्ज फिटल्याचा दावा केल्यासारखे होते. 'वुई हॅव पेड डाउन द लोन बाय थ्री लाख रुपीज' असे लिहिले, तरीही ते बरोबर नाही. कारण मुद्दल कमी झाले आहे ते केवळ १,९०,००० रुपयांनी, आणि ३,१०,००० रुपये अद्याप बाकी आहेत. त्याच्यासाठी अचूक वाक्य म्हणजे 'वुई हॅव पेड थ्री लाख रुपीज टुवर्ड्स द लोन'. 'टुवर्ड्स' म्हणजे पोटी. किती दिले आणि कशापोटी दिले, एवढेच ते सांगते. मुद्दल किती उतरले याविषयी ते काही दावा करीत नाही.

हे 'पोटी' कायद्यालाही महत्त्वाचे वाटते. एकाच धनकोची निरनिराळी देणी असताना ऋणकोने पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे स्पष्ट कळवले आणि धनकोने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्याकडे जमा धरले पाहिजेत, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम ५९ सांगते. ऋणकोने काहीच कळवले नाही आणि परिस्थितीवरूनही उद्देश दिसत नसला, तर कलम ६० प्रमाणे ती निवड धनकोकडे जाते. म्हणून दोन कर्जे असलेल्या माणसाने नुसते 'आय हॅव पेड' लिहून थांबू नये.

मुदतीच्या कायद्यातही तीच गोष्ट आहे. साध्या उसनवारीच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा 'आय विल पे यू बॅक द रेस्ट' हे सौजन्याने लिहिलेले वाक्य देण्याची लेखी कबुली ठरू शकते; उलट 'आय हॅव पेड इट ऑफ' हा देणे उरले नसल्याचा दावा होय. ज्याने पैसे दिले आणि ज्याला घ्यावयाचे आहेत, त्या दोघांनीही अव्ययाकडे नीट पाहावे हेच यावरून दिसते. खरे देणे असेल तर कबुली द्यावयास लाजू नये; नसेल तर नकळत ती देऊन बसू नये.

कर्ज संपल्यावर शब्दांची जबाबदारी संपते असेही नाही. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकाने, व्यक्तिगत कर्जांची पूर्ण फेड वा तडजोड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करण्याचे बंधन कर्ज देणाऱ्या संस्थांवर घातले. घरकर्जाचा समावेश त्यातच होतो. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे, संस्थेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई ठरवण्यात आली. अशा कागदपत्रांची मागणी करणाऱ्या पत्रात 'द लोन हॅज बीन पेड ऑफ इन फुल' असे म्हणून शेवटच्या भरण्याची तारीख द्यावी. त्या तारखेपासूनच दिवस मोजावयाचे असतात.

येथेच 'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' या दोन शब्दांपासून सावध राहणे अगत्याचे आहे. बोलण्यातील इंग्रजीत बिल 'सेटल' केले म्हणजे पूर्ण पैसे दिले. परंतु भारतातील पतमाहिती अहवालात खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा असला, तर धनकोने येणे रकमेहून कमी रक्कम स्वीकारून तडजोड केली, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढील कर्ज देणारी संस्था त्याकडे साशंकतेने पाहते. सर्व पैसे भरलेल्या माणसाच्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असा शेरा असावयास हवा. तशीच गोष्ट 'राइट ऑफ'ची. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केल्याची बातमी वाचून कर्ज माफ झाले असे अनेकांना वाटते. बँक ते आपल्या ताळेबंदातून काढते, एवढाच त्याचा अर्थ. ऋणकोची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही आणि वसुली चालू राहू शकते. 'पे ऑफ'मध्ये ऋणको ओझे उतरवतो. 'राइट ऑफ'मध्ये धनको केवळ आपली वही आवरतो. अव्यय एकच, परंतु ऋणकोच्या खांद्यावरील भार मात्र तसाच.

शब्दांच्या क्रमाचाही एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 'पे ऑफ द लोन' आणि 'पे द लोन ऑफ' हे दोन्ही क्रम चालतात. परंतु कर्जाच्या जागी सर्वनाम आले तर ते मध्येच बसले पाहिजे. 'पे इट ऑफ' बरोबर, 'पे ऑफ इट' चूक. 'पे बॅक'चेही तसेच: 'पे हिम बॅक' म्हणावे, 'पे बॅक हिम' म्हणू नये. मराठी माणूस येथे अडखळतो, कारण 'फेडून टाकले' हा जोड मराठीत सहसा मोडत नाही.

तात्पर्य, कर्जफेडीविषयी इंग्रजीत लेखणी उचलण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारावेत. नजर कोणावर आहे, माणसावर की ऋणावर? माणसावर असेल तर 'बॅक', ऋणावर असेल तर 'ऑफ'. ऋण संपले की उरले? उरले असेल तर 'ऑफ'चा भूतकाळ वर्ज्य करावा आणि 'टुवर्ड्स' लिहून रक्कम नोंदवावी. आणि वाचणारा कोण? मित्र असेल तर 'पे यू बॅक' गोड लागते, बँक असेल तर 'रिपेड इन फुल' अधिक भारदस्त, आणि 'पे अप' हे शक्यतो कोणालाच लिहू नये.

इंदूरच्या त्या तरुणाने 'कर्ज चुकवले' ऐवजी 'कर्ज फेडून टाकले' असे लिहिले असते, तर आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली असती. पैसे तेच, प्रामाणिकपणाही तोच. कमी पडली ती शब्दाची शेवटची चार अक्षरे. व्यवहारात जो शेवटचा पैसा मोजून देतो, त्याने वाक्यातील शेवटचा शब्दही तसाच मोजून द्यावा; म्हणजे फेड झाली ती फेडच आहे, हे घेणाऱ्यालाही कळेल.